वजन जास्त असेल तर पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये काय बदलतं? कॉन्ट्रास्टचं गणित समजून घ्या

पोटाचा सीटी स्कॅन करायला गेलं की काउंटरवर एक फॉर्म भरून घेतात. नाव, वय, अ‍ॅलर्जी आहे का, शुगर आहे का, किडनीचा त्रास आहे का. त्यातच एक रकाना असतो वजनाचा. बरेच जण तिथे अंदाजाने आकडा लिहितात. कुणी मागच्या वर्षी कंपनीच्या मेडिकलमध्ये भरलेलं वजन सांगतं, कुणी संकोचामुळे पाच-दहा किलो कमीच सांगतं.

पण शिरेतून किती औषध सोडायचं, ते किती वेगाने सोडायचं आणि एक्स-रेचा जोर किती ठेवायचा, हे ठरवताना याच आकड्याचा आधार घेतला जातो. वजन साठ-सत्तर किलो असेल तर थोडीफार चूक खपून जाते. वजन शंभरीच्या पुढे असेल तर तीच चूक महागात पडू शकते. लिव्हरमधली छोटी गाठ फिल्मवर उठून दिसत नाही, नाहीतर गरजेपेक्षा जास्त औषध किडनीला गाळावं लागतं, नाहीतर सगळा स्कॅनच पुन्हा करायची वेळ येते.

जाड व्यक्तीच्या पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी चांगला यायला नेमकं काय लागतं? डॉक्टर आणि टेक्निशियन काय बदलतात? आणि रुग्णाने काय करायचं? सोप्या भाषेत समजून घेऊया.

पिंपरी-चिंचवड, चाकणमध्ये हा विषय का महत्त्वाचा?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९-२१ च्या आकडेवारीनुसार, देशात १५ ते ४९ वयोगटातल्या २४ टक्के महिला आणि २२.९ टक्के पुरुषांचा बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त होता. साधारण चारात एक. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी २००९ मध्ये सुचवलेली मर्यादा तर आणखी खाली आहे. बीएमआय २३ ला वजन जास्त, २५ ला लठ्ठपणा.

भोसरी, आकुर्डी, चाकण, तळेगाव हा सगळा पट्टा शिफ्टवर चालतो. आलटून-पालटून रात्रपाळी, झोपेचं बिघडलेलं वेळापत्रक आणि अवेळी जेवण यांचा वजनवाढीशी संबंध जगभरातल्या अनेक अभ्यासांत दिसला आहे. त्यामुळे पोटदुखी, पित्ताशयातले खडे, स्वादुपिंडाची सूज, फॅटी लिव्हर अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांमध्ये जास्त वजनाचे रुग्ण असणारच.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. पोटदुखीला सहसा आधी सोनोग्राफी करतात. पण सोनोग्राफी आवाजाच्या लहरींवर चालते आणि चरबीच्या जाड थरात या लहरी विखुरतात, क्षीण होतात. मग रिपोर्टमध्ये ‘नीट दिसत नाही, सीटी करावा’ असा शेरा येतो. म्हणजे ज्यांचं वजन जास्त, त्यांच्यावर सीटीची वेळ जास्त वेळा येते आणि नेमका त्यांचाच सीटी चांगला काढणं जास्त अवघड असतं.

या भागात रुग्णाची चिठ्ठीही बरीच फिरते. तपासणारे डॉक्टर चाकणला, ईएसआयचं रुग्णालय चिंचवडच्या मोहननगरला, महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय म्हणजे आपलं ‘वायसीएम’ संत तुकारामनगरला, आणि स्कॅन कदाचित तिसऱ्याच ठिकाणी. चिठ्ठीवर ‘सीटी अ‍ॅब्डोमेन विथ कॉन्ट्रास्ट’ एवढंच लिहिलेलं असेल तर स्कॅन करणाऱ्याला रुग्णाचं वजन, उंची आणि क्रिएटिनिन पुन्हा शोधावं लागतं.

कॉन्ट्रास्ट म्हणजे नेमकं काय?

सीटी स्कॅन म्हणजे शरीराभोवती फिरणाऱ्या एक्स-रे नळीने वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली मापं आणि त्यावरून कॉम्प्युटरने तयार केलेले शरीराचे आडवे काप. १९७१ मध्ये लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात रुग्णाचा पहिला सीटी झाला. हे तंत्र विकसित करणारे गॉडफ्रे हाउन्सफिल्ड आणि त्यामागचं गणित मांडणारे अ‍ॅलन कॉर्मॅक यांना १९७९ चं नोबेल मिळालं.

सीटीवर प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो. त्याला हाउन्सफिल्ड युनिट, थोडक्यात एचयू म्हणतात. पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी साधारण उणे १००, निरोगी लिव्हर साधारण ५० ते ६५. अडचण अशी की लिव्हर आणि त्यातली गाठ यांच्या आकड्यांत अनेकदा फारच थोडा फरक असतो. डोळ्याला दोन्ही राखाडीच दिसतात.

हा फरक वाढवायला शिरेतून आयोडीनयुक्त औषध सोडतात. तेच कॉन्ट्रास्ट. आयोडीन एक्स-रे अडवतं, त्यामुळे जिथे रक्त जास्त पोहोचतं तो भाग उजळतो. औषध सोडायला सुरुवात केल्यापासून साधारण ७० सेकंदांनी लिव्हर सगळ्यात चांगलं उजळतं. बऱ्याच गाठी त्या प्रमाणात उजळत नाहीत, म्हणून त्या काळपट डागासारख्या उठून दिसतात. लिव्हरचा आकडा निदान ५० एचयूने वाढावा, असं उद्दिष्ट सहसा ठेवलं जातं.

मग जास्त वजनामुळे अडचण कुठे येते?

तीन ठिकाणी.

पहिली, एक्स-रे पलीकडे पोहोचतच नाहीत. पोटाची जाडी साधारण चार सेंटिमीटरने वाढली की पलीकडच्या डिटेक्टरपर्यंत पोहोचणारे एक्स-रे जवळपास निम्मे होतात. आठ सेंटिमीटरने वाढली तर पाव. कमी एक्स-रे म्हणजे फोटोत दाणे जास्त. कमी उजेडात मोबाईलवर काढलेला फोटो जसा खरखरीत येतो, तसंच. या दाण्यांमध्ये एक सेंटिमीटरची गाठ सहज लपते.

दुसरी, कॉन्ट्रास्ट पातळ होतो. शरीर मोठं असेल तर रक्तही जास्त असतं. शंभर मिली औषध ५० किलोच्या व्यक्तीत आणि १२० किलोच्या व्यक्तीत सारखाच परिणाम करणार नाही. उसाच्या रसाच्या एका ग्लासात पिळलेलं लिंबू आणि अख्ख्या जगात पिळलेलं लिंबू, चव वेगळीच लागणार.

तिसरी, फॅटी लिव्हर. वजन जास्त असलेल्यांमध्ये लिव्हरमध्ये चरबी साठण्याचं प्रमाण जास्त असतं. चरबी सीटीवर काळी दिसते, त्यामुळे असं लिव्हर मुळातच काळपट असतं. कॉन्ट्रास्ट दिल्यानंतरही ते पुरेसं उजळलं नाही तर काळपट लिव्हर आणि काळपट गाठ यांचे आकडे एकमेकांच्या जवळ येतात आणि गाठ दिसेनाशी होऊ शकते.

एक जमेची बाजूही आहे. पोटाच्या आतली चरबी अवयवांना एकमेकांपासून वेगळं ठेवते. त्यामुळे अपेंडिक्स, आतडी, किडनीभोवतीची सूज या गोष्टी अगदी सडपातळ माणसापेक्षा जाड माणसाच्या सीटीवर अनेकदा जास्त स्पष्ट दिसतात. म्हणजे ‘वजन जास्त आहे, सीटीत काही दिसणार नाही’ हा समज बरोबर नाही. फक्त मशीन आणि डोस त्या शरीराप्रमाणे लावायला हवा.

कॉन्ट्रास्ट किती द्यायचा? तीन पद्धती

पहिली पद्धत, सगळ्यांना सारखाच डोस. उदाहरणार्थ सरसकट १०० मिली. हे सोपं आहे, हिशोबाला बरं आहे. पण ३५० मिलिग्रॅम प्रति मिली ताकदीच्या औषधाचे १०० मिली म्हणजे ३५ ग्रॅम आयोडीन. ५० किलोच्या व्यक्तीला ते किलोमागे ०.७ ग्रॅम पडतं, १२० किलोच्या व्यक्तीला फक्त ०.२९ ग्रॅम. एकाला गरजेपेक्षा जास्त, दुसऱ्याला फारच कमी.

दुसरी पद्धत, वजनानुसार डोस. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवलं की लिव्हर ५० एचयूने उजळायला किलोमागे साधारण ०.५२ ग्रॅम आयोडीन लागतं. सर्वसाधारण वजनाच्या लोकांत हे गणित छान जुळतं. ७० किलोच्या व्यक्तीला साधारण ३६ ग्रॅम आयोडीन, म्हणजे ३५० ताकदीचं औषध १०४ मिली. पण हाच नियम १२० किलोला लावला तर ६२ ग्रॅम, म्हणजे १७८ मिली होतात.

इथे गडबड आहे. कारण वाढलेल्या पन्नास किलोंचा मोठा भाग चरबीचा असतो आणि चरबीत रक्तवाहिन्या कमी असतात. तिथे कॉन्ट्रास्ट फारसा जातच नाही. तो मुख्यतः रक्त, लिव्हर, किडनी, स्नायू यांच्यात वाटला जातो.

चाकण एमआयडीसीत मालाचे ट्रक भुईकाट्यावर कसे तोलतात ते आठवा. भरलेला ट्रक तोलायचा, रिकामा ट्रक तोलायचा आणि फरक काढायचा. हिशोब मालाच्या वजनावर होतो, ट्रकच्या लोखंडावर नाही. कॉन्ट्रास्टचंही तसंच. एकूण वजनातून चरबी वजा केल्यावर जे उरतं, त्यावर डोस ठरवायचा.

ही तिसरी पद्धत, चरबी वगळून उरलेल्या वजनानुसार डोस. डॉक्टर त्याला ‘लीन बॉडी वेट’ म्हणतात. चरबी प्रत्यक्ष मोजायची गरज नसते. उंची, वजन आणि स्त्री की पुरुष एवढ्यावरून सूत्राने अंदाज काढता येतो. १९८४ मधलं बोअर यांचं सूत्र त्यासाठी बरंच वापरलं जातं.

या सूत्राने काय दिसतं पाहा.

– १७० सेंटिमीटर उंचीचे दोन पुरुष. एकाचं वजन ७० किलो, दुसऱ्याचं १२०. चरबी वगळून पहिल्याचं साधारण ५५ किलो, दुसऱ्याचं ७५. एकूण वजनात ७१ टक्के फरक, पण चरबी वगळून फक्त ३७ टक्के.

– १५५ सेंटिमीटर उंचीच्या दोन महिला. एक ६० किलो, दुसरी १०० किलो. चरबी वगळून एकीचं साधारण ४० किलो, दुसरीचं ५०. एकूण वजनात ६७ टक्के फरक, चरबी वगळून फक्त २५ टक्के.

आता १२० किलोच्या त्याच पुरुषाचा डोस पुन्हा काढू. ७० किलोच्या माणसाला चरबी वगळलेल्या वजनाच्या किलोमागे जेवढं आयोडीन मिळालं, तेवढंच याला द्यायचं ठरवलं तर साधारण ५० ग्रॅम होतात, म्हणजे १४३ मिली. सरसकट डोस १००, एकूण वजनावर १७८ आणि चरबी वगळून १४३. पहिल्यात लिव्हर अंधुक राहील, दुसऱ्यात ३५ मिली औषध जास्त जाईल.

२००७ मध्ये ‘रेडिओलॉजी’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात चरबी वगळलेल्या वजनावर डोस ठरवल्यावर वेगवेगळ्या रुग्णांची लिव्हर जास्त सारख्या प्रमाणात उजळताना दिसली. वरचे आकडे मुद्दा समजावा म्हणून आहेत. प्रत्येक केंद्राची औषधाची ताकद, मशीन आणि पद्धत वेगळी असते, त्यामुळे प्रत्यक्ष डोस रेडिओलॉजिस्टच ठरवतात.

कॉन्ट्रास्ट मोजून वापरण्याचं महत्त्व २०२२ मध्ये जगाला कळलं. कोव्हिडच्या लॉकडाऊनमुळे जीई हेल्थकेअरचा शांघायमधला कारखाना अडकला आणि अनेक देशांत, विशेषतः अमेरिकेत, कॉन्ट्रास्टचा तुटवडा झाला. तेव्हा सरसकट डोस सोडून वजनानुसार डोस देण्याकडे अनेक रुग्णालयं वळली.

पुण्यातल्या एका फोटोचा याच्याशी काय संबंध?

सूत्र आलं म्हणजे सगळं सुटलं असं नाही. याचं उत्तम उदाहरण पुण्यातलंच आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेह संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून याला ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ हे नाव पडलं. वरून बारीक, आतून चरबी जास्त, ही भारतीय शरीराची ठेवण त्या एका फोटोने जगाला समजावली.

कॉन्ट्रास्टच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. उंची आणि वजनावरून चरबीचा अंदाज काढणारी जुनी सूत्रं पाश्चात्त्य लोकांच्या मापांवर बेतलेली आहेत. सारख्याच उंची-वजनाच्या भारतीय माणसात चरबी जास्त असेल, तर सूत्र त्याचं चरबी वगळलेलं वजन प्रत्यक्षापेक्षा थोडं जास्त दाखवू शकतं. म्हणून सूत्राकडे सुरुवातीचा आकडा म्हणून पाहायचं आणि रुग्णाची बांधणी, वय, किडनी, हृदय पाहून त्यात फेरफार करायचा, हे बरं. कारखान्यात माल उचलून कमावलेलं ९५ किलोचं शरीर आणि दिवसभर खुर्चीत बसून झालेलं ९५ किलोचं शरीर काट्यावर सारखं असलं तरी आतून सारखं नसतं.

एक्स-रेचा जोर किती ठेवायचा?

डोसनंतरचा दुसरा मोठा निर्णय म्हणजे केव्ही. एक्स-रे किती जोरकस आहेत हे केव्हीवरून ठरतं. पोटाच्या सीटीत सहसा ८० पासून १४० केव्हीपर्यंतचे पर्याय असतात.

इथे पेच आहे. केव्ही कमी केला की आयोडीन जास्त चमकतं. १२० वरून १०० वर आणलं तर आयोडीनची चमक सुमारे २५ टक्क्यांनी वाढते. म्हणून बारीक रुग्णात कमी केव्ही वापरून कॉन्ट्रास्टही वाचवता येतो. पण कमी जोराचे एक्स-रे जाड पोटातून पार होत नाहीत. चमक वाढते, पण दाणे त्याहून जास्त वाढतात.

त्यामुळे जास्त वजनाच्या रुग्णात साधारणपणे १२० केव्ही ठेवतात, फारच मोठं शरीर असेल तर १४०. त्यासोबत नळीतून निघणाऱ्या एक्स-रेचं प्रमाण वाढवतात, नळी फिरण्याचा वेग कमी करतात, टेबल हळू सरकवतात. मशीन नवं आणि ताकदवान असेल तर थोड्या जास्त वजनाच्या रुग्णातही १०० केव्ही जमू शकतो.

काप किती जाड बघायचा यानेही फरक पडतो. एक मिलिमीटरचा काप जास्त दाणेदार दिसतो, तीन ते पाच मिलिमीटरचा काप गुळगुळीत. कॉम्प्युटरवर दाणे कमी करणाऱ्या नव्या पद्धतीही आल्या आहेत आणि काहींमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर होतो. त्यांचा फायदा होतो. पण मुळात पुरेसे एक्स-रे किंवा पुरेसं आयोडीनच पोहोचलं नसेल, तर हरवलेली गाठ सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही.

सुई, वेग आणि वेळ

डोस वाढला की तो तेवढ्याच वेळात आत जायला हवा. १४३ मिली औषध ३० सेकंदांत सोडायचं तर वेग सेकंदाला पावणेपाच मिलीच्या आसपास जातो. हे काम पंप करतो, पण त्यासाठी शिरेतली कॅन्युला तेवढी रुंद लागते. निळ्या रंगाची २२ नंबरची बारीक कॅन्युला सहसा अपुरी पडते. गुलाबी २० नंबरची किंवा हिरवी १८ नंबरची लागते, तीही शक्यतो कोपराजवळच्या मोठ्या शिरेत. फक्त लिव्हर पाहायचं असेल तर वेग थोडा कमी ठेवूनही चालतं. रक्तवाहिन्यांचा तपास असेल तर वेग महत्त्वाचा.

जाड हातात शीर सापडणं अवघड असतं. सुई नीट बसलेली नसेल तर औषध शिरेबाहेर, कातडीखाली जातं. सूज येते, आग होते. म्हणून इंजेक्शन चालू असताना अंगभर गरम वाटणं, तोंडाला धातूसारखी चव येणं हे नेहमीचं आहे. पण सुईच्या जागी फुगतंय किंवा खूप दुखतंय असं वाटलं तर लगेच आवाज द्यायचा. ‘थोडं सहन करू’ म्हणायचं नाही.

औषधामागून सलाईनही सोडतात. नाहीतर शेवटचं काही मिली औषध हातातल्या शिरेतच राहून वाया जातं.

स्कॅन कधी सुरू करायचा, हे घड्याळावर सोडणंही धोक्याचं असतं. रक्ताभिसरणाचा वेग प्रत्येकाचा वेगळा असतो. म्हणून अनेक ठिकाणी मशीन पोटातल्या महाधमनीवर नजर ठेवतं, तिथला आकडा ठरलेल्या पातळीवर पोहोचला की तिथून पुढे वेळ मोजून स्कॅन सुरू होतो.

टेबलावर मावणार का?

हा प्रश्न विचारायला लाज वाटू देऊ नका. बहुतेक मशीनच्या गोल रिंगेचा व्यास ७० सेंटिमीटर असतो, मोठ्या रिंगेच्या मशीनचा ८० च्या आसपास. टेबलाची वजनमर्यादा अनेक मशीनमध्ये २०० किलोच्या पुढे असते. पण अडचण बऱ्याचदा वजनापेक्षा घेराची असते, कारण रिंगेतली काही जागा टेबलच घेतं. शिवाय नेहमीच्या पद्धतीने फोटो साधारण ५० सेंटिमीटर रुंदीचाच तयार होतो. शरीराची कड त्याबाहेर गेली तर कडेला पांढरे पट्टे येतात.

रुग्ण रिंगेच्या बरोबर मध्यभागी असणं तर फारच महत्त्वाचं. सुरुवातीला जो साधा फोटो काढतात, त्यावरून मशीन एक्स-रेचं प्रमाण आपोआप ठरवतं. शरीर वर-खाली सरकलेलं असेल तर मशीनला ते खऱ्यापेक्षा मोठं किंवा लहान वाटतं आणि प्रमाण चुकतं. टेक्निशियन दोन-तीन वेळा सरकायला सांगत असेल, हात डोक्यावर नीट घ्यायला सांगत असेल, तर त्यामागे हे कारण असतं.

जास्त रेडिएशन मिळतं का?

हो, चांगला फोटो यायला जाड शरीराला जास्त एक्स-रे द्यावे लागतात. सर्वसाधारण पोटाच्या सीटीचा डोस साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट असतो. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. मोठ्या शरीरात हा आकडा वाढतो. मात्र बाहेरची चरबी बरेच एक्स-रे स्वतःच अडवत असल्याने मशीनच्या पडद्यावर दिसणारा डोस जेवढा वाढलेला वाटतो, तेवढा आतल्या अवयवांना मिळत नाही.

इथे उपाय म्हणजे डोस कंजूषपणे देणं नव्हे. दाणेदार, निरुपयोगी फोटो आला तर तेवढंही रेडिएशन वाया जातं आणि स्कॅन पुन्हा करावा लागतो. खरी बचत दुसरीकडे आहे. प्रत्येकाला कॉन्ट्रास्टच्या आधी आणि नंतर असे तीन-तीन वेळा स्कॅन लागत नाहीत. ज्या प्रश्नाचं उत्तर हवं आहे, तेवढ्यासाठी लागणारेच टप्पे घ्यायचे. चिठ्ठीवर नेमकी शंका लिहिलेली असेल तर रेडिओलॉजिस्टला हे ठरवता येतं. सीटी मशीन चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, तो केंद्राकडे आहे का हेही तुम्ही विचारू शकता.

किडनी आणि शुगरचं काय?

जास्त वजनासोबत मधुमेह आणि रक्तदाब अनेकदा असतात, आणि दोन्हींचा परिणाम किडनीवर होतो. म्हणून स्कॅनआधी क्रिएटिनिन तपासून त्यावरून किडनी किती गाळते याचा अंदाज, म्हणजे ईजीएफआर, काढतात. अमेरिकेतल्या रेडिओलॉजी आणि किडनीच्या संघटनांनी २०२० मध्ये एकत्र मांडलेल्या भूमिकेनुसार खरी काळजी ईजीएफआर ३० च्या खाली असलेल्यांची आणि किडनी अचानक बिघडलेल्यांची घ्यायला हवी. त्यांना आधी शिरेतून सलाईन देण्याचा विचार करतात.

मेटफॉर्मिनच्या गोळीबद्दलही गोंधळ असतो. किडनी चांगली असेल तर अमेरिकेतल्या सूचनांनुसार गोळी थांबवायची गरज नसते. ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर ती थांबवून ४८ तासांनी किडनी तपासून पुन्हा सुरू करतात. काही केंद्रं खबरदारी म्हणून सगळ्यांनाच थांबवायला सांगतात. तुमच्या डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनाने बंद किंवा चालू करू नका.

स्कॅनला जाण्याआधी एवढं करा

– वजन आणि उंची त्याच आठवड्यात मोजून घ्या आणि चिठ्ठीवर लिहून घ्या. घरच्या काट्याची मर्यादा संपत असेल तर रुग्णालयातला मोठा काटा मागा.

– वजन खूप जास्त असेल तर फोनवर आधीच विचारा. टेबलाची मर्यादा किती, रिंग किती मोठी, आणि डोस वजन पाहून देता की सगळ्यांना सारखा.

– क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी आणि जुन्या स्कॅनची सीडी सोबत ठेवा.

– पूर्वी कॉन्ट्रास्टची अ‍ॅलर्जी झाली असेल, दमा असेल, थायरॉइडचा त्रास असेल किंवा गरोदर असण्याची शक्यता असेल तर आधीच सांगा. मासे खाल्ल्यावर पुरळ येतं म्हणजे कॉन्ट्रास्ट चालणार नाही, असं मात्र नसतं.

– किती तास उपाशी राहायचं ते केंद्राला विचारा. पाणी पिण्यावर बंदी नसेल तर पाणी पीत राहा, स्कॅननंतरही.

– मागच्या वेळी शीर सापडायला त्रास झाला असेल तर कोणत्या हातात सापडली होती तेही सांगा.

शेवटचा मुद्दा ज्यांना वारंवार स्कॅन लागतो त्यांच्यासाठी. कॅन्सरच्या किंवा लिव्हरच्या आजाराच्या फेरतपासणीत आजचा फोटो मागच्या फोटोशी ताडून पाहतात. मागच्या वेळी औषध कमी आणि या वेळी जास्त दिलं असेल, तर गाठ बदलली की फक्त फोटो बदलला हे कळणं अवघड होतं. म्हणून शक्य असेल तेव्हा स्कॅन त्याच केंद्रात करा आणि कोणतं औषध, किती मिली, किती केव्ही हे रिपोर्टमध्ये लिहून मागा. दरम्यान वजन दहा-पंधरा किलोंनी वाढलं किंवा उतरलं असेल तर तेही आवर्जून सांगा. मागच्या वेळचा डोस जसाच्या तसा पुन्हा देऊन चालणार नाही, हे रेडिओलॉजिस्टला त्यावरूनच कळेल.